डाव्या कडेची रेघ

आमच्या झेरॉक्सच्या ड्रमवर एक चरा आहे.
प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला
केसाएवढी रेघ उमटते, वरपासून खालपर्यंत.
गिऱ्हाईक कधी विचारत नाही.
सीपीआरसमोर सगळेच घाईत :
रेशनकार्ड, आधार, मयताचा दाखला,
दोन-दोन कॉपी, बाहेर रिक्षा चालू.

त्या रेघेवरनंच ओळखलं अस्लमनं.
औषधाच्या दुकानात कामाला असतो तो.
मी शटर निम्मं ओढल्यावर आला, खाली वाकून.
"काका, ह्यो कागद तुमच्या मशीनचा हाय न्हवं?"
वर डॉक्टरांचं नाव, खाली शिक्का,
मधे गोळी, दिवसातनं तीनदा,
आणि तारखेत एक सात,
पोटात आडवी काडी मारलेला.
तो सात मी एकवीस वर्षं बघतोय
दुधाच्या कॅलेंडरावर.

सायबर चौकात मोपेड घसरली
आणि तिच्या मणक्यात दोन स्क्रू बसले.
दुखत होतं. खरंच दुखत होतं.
हे आधी लिहून ठेवतो, कारण आता
कुणाचा विश्वास बसत नाही, माझासुद्धा.
रात्री ती उशीचा कोपरा दातांत धरायची,
मी पाकीट फोडून गोळी तिच्या तळहातावर ठेवायचो
आणि दोघांनाही झोप लागायची.
पुढं दुखणं गेलं पाहुण्यासारखं,
पिशवी मात्र आमच्याकडंच विसरलं.

पहिल्या चिठ्ठीच्या चार कॉपी मीच काढल्या.
"फायलीला असू देत," म्हणाली शालन.

चिठ्ठी.
हा शब्द आमच्यात एकेकाळी वेगळ्या कामाला होता.
उत्तरेश्वर पेठेत, तिच्या भावाच्या
सायकलच्या सीटखाली, चार घड्या घालून.
आता चिठ्ठी म्हणजे राजारामपुरी, आठवी गल्ली.
चिठ्ठी म्हणजे इचलकरंजीची एसटी.
"बहिणीकडं जाऊन येतो," म्हणून जायची,
आणि बहीण तर गडहिंग्लजला.

डॉक्टरांशी मीही एकदा खोटं बोललो,
पाकीट बादलीत पडलं म्हणून.
इतकं सहज आलं तोंडातनं
की घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही,
जणू तिनंच बोलायला लावलं.
लावलं नव्हतं. ती बाकावर बसून
नखानं नेलपॉलिश खरवडत होती.

गोळ्या हळदीच्या डब्यात सापडल्या.
शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या खाली.
देवीच्या फोटोमागं सापडल्या तेव्हा मी ओरडलो
आणि ती हसली.
"अंबाबाईला म्हाईत हुतं. तुमास्नी न्हवतं."

नंतरचे नऊ दिवस.
घाम, जांभया, पाय झाडणं,
पहाटे तीनला फरशीवर गाल टेकून पडणं.
शेजारच्या वहिनींना सांगितलं, डेंग्यू.
डेंग्यूला मान असतो,
पपईचा पाला घेऊन येतात लोक.
तो पाला मी फ्रीजमध्ये ठेवला, वाळेपर्यंत.

आता नव्या डॉक्टरीणबाई सांगतील तेवढ्याच.
गोळ्या टोनरच्या खोक्यात, खोक्याला कुलूप,
किल्ली माझ्या करदोट्याला.
वहीत लिहितो :
सोमवारी दीड. गुरुवारी एक.
शनिवारी दोन.
शनिवारी का, ते लिहिलेलं नाही.

आज सकाळी निघताना तिनं हातात कागद दिला.
कोथमीर, शेंगतेल, गूळ पाव किलो,
लिंबं सात.
सातच्या पोटात काडी.
मी कागद उलटा केला,
उजेडाला धरला,
डाव्या कडेला बघितलं.
ती दारातच उभी होती, ओल्या हातांनी.

"ओरिजिनल हाय," म्हणाली.
आणि आत वळता वळता,
"कोथमीर बघून घ्या. काल पिवळी आणलीसा."